भूगोल, खंड तिसरा

डोळसांचं एक पुस्तक
आमच्या कपाटात येता येता चार होतं.
भूगोलाला वजन असतं
हे मला इथं आल्यावर कळलं.

मी मूळची शिवणकामाची बाई.
विश्रामबागेत ब्लाऊज शिवायचे, अस्तर, हुक, काजं.
या शाळेत आले ती पडदे शिवायला
आणि नकाशांवर राहिले.

नदीसाठी दुहेरी पिळाचा दोरा,
डोंगराला पॉलिशपेपर, जाड खरखरीचा.
गावांना मोहरी.
आधी साबुदाणा लावायचे;
त्या वर्षी मुंग्यांनी मिरज आणि अर्धं तासगाव नेलं.
मग मशीनमध्ये साचा, त्यावर प्लास्टिकचा ताव,
वरून आच, खालून ओढलेली हवा,
आणि एक जिल्हा तीस वेळा निघतो
गरम पापडासारखा.

छळतात ते पुस्तकातले प्रश्न.
‘चित्र पाहा व सांगा.’
पहिल्या वर्षी मी प्रत्येक ‘पाहा’वर काट मारत बसले होते,
तर मुबीना म्हणाली, राहू द्या की ताई.
आण इकडं बघू, असं मीपण म्हणते की.

मुबीना हरिपूरची.
वाचताना तिचा उजवा हात पुढं पळतो,
डावा मागं राहून
पुढच्या ओळीचं दार धरून ठेवतो.
‘हळद’मधला ळ तिला आवडतो,
उजव्या कडेला एकावर एक तीन ठिपके,
‘मार्केट यार्डात पोती लावल्यागत.’

पुराच्या साली खालचा कप्पा पाण्यात गेला.
शाईची पुस्तकं आम्ही गच्चीवर वाळवली,
डाग पडले, पण वाचता आली.
ठिपक्यांची वाळली
तेव्हा पानं कोरी.
कागद फुगला आणि शब्द आपापल्या जागी
खाली बसले.
उन्हात तिरकं धरलं तर मला अजून खुणा दिसत होत्या,
कुठं काय होतं त्याच्या.
पोरांच्या बोटांना काहीच नाही.
दिसत होतं ते मला,
आणि मला तर तेव्हा ती लिपी येतही नव्हती.
बिरनाळे सरांनी ते गठ्ठे रद्दीत घातले नाहीत.
अजून आहेत. वरच्या कप्प्यात.

यंदा जिल्हा नव्यानं केला.
कृष्णेचा दोरा, वारणेचा दोरा,
हरिपुरापाशी दोघींना मिळून एक गाठ.
हाताची सवय. टोक सुटू नये.

मुबीनाची बोटं वाळव्याकडून खाली आली,
भिलवडीच्या मोहरीवर जराशी थांबली,
सांगली ओलांडून गाठीवर आली आणि अडली.
‘हे काय, धरण?’
‘संगम. तुझं गाव.’
ती गाठ चाचपत राहिली.
‘ताई, आमच्यात असं नाही.
शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसलं की
एक पाणी गार लागतं, एक कोमट.
जरा वेळानं कुठलं कुठलं ते कळत नाही.
गाठ कुणी मारत नाही तिथं.’

रात्री मशीनच्या दिव्याखाली
सुईच्या टोकानं गाठ उकलत बसले.
फेविकॉल दगड झालेला.
वारणेचा पीळ सोडला, दोन पदर केले,
एकेक करून कृष्णेच्या पिळात घातले.
डोळे मिटून बोट फिरवलं.
वीस वर्षं सुया टोचून घट्टे पडलेलं बोट,
त्याला काही कळलं नाही.

सकाळी पहिला ताव तिला दिला, अजून ऊन होता.
ती खाली उतरत गेली,
हरिपूर कधी गेलं तिलाही समजलं नसावं,
आणि ताव संपला तिथं
तिचं बोट टेबलाच्या लाकडावर आलं.

‘पुढं?’

पुढं कोल्हापूर, म्हटलं.
ते अजून शिवायचंय.